मधल्या सुट्टीतलं राज्य कोणावर?

मधल्या सुट्टीत मुलं पडतात, आदळतात, भांडतात. म्हणून सुट्टीतले खेळही शाळेनेच ठरवून द्यावेत, असं बरेच पालक म्हणू लागलेत. त्यांची काळजी मला पटते, पण हा उपाय सगळ्यांवर लादायला माझा विरोध आहे.

मुलांना लागतं कसं, ते आधी बघा. मोठी दुखापत बहुतेक वेळा घसरगुंडीवरून किंवा चढायच्या शिडीवरून कडक जमिनीवर पडल्याने होते. नाहीतर सुसाट धावणारी सातवीची पोरं पहिलीतल्या एखाद्यावर जाऊन धडकतात. यावर शिट्टीचा काय उपयोग? खाली वाळूचा किंवा रबराचा जाड थर हवा, लहानांना वेगळी जागा हवी आणि लक्ष ठेवणारी माणसं पटांगणभर विखुरलेली हवीत. कोपऱ्यात गप्पा मारत उभी नकोत.

भांडणांचं म्हणाल, तर पकडापकडी जरा जवळून बघा. "हात लागला!" "कुठे लागला?" राज्य घ्यायला कोणीच तयार नाही, दोघं अगदी हमरीतुमरीवर. तेवढ्यात तिसरी ओरडते, "चला, हे रद्द, पुन्हा पळा!" आणि सगळे पांगतात. प्रत्येक वेळी बाईंनीच निकाल दिला तर ही तिसरी पुढे येणार कधी?

मात्र भिंतीला टेकून उभं असलेलं एक मूल प्रत्येक सुट्टीत असतं. त्याला कोणी भिडू म्हणून घेत नाही. आयोजित खेळाची खरी गरज त्याला आहे. अमेरिकेत १९९६ पासून काम करणाऱ्या 'प्लेवर्क्स' संस्थेची माणसं स्वतः मुलांबरोबर खेळतात. वाद झाला की दगड-कागद-कात्री, आणि खेळ पुढे चालू. हे मला मनापासून आवडतं. असा एक कोपरा प्रत्येक शाळेत असावा, वाटेल त्याने यावं. पण सक्ती केली की सुट्टीचा पीटीचा तास होतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये हेच बजावलं होतं: सुट्टी हा मुलांचा स्वतःचा वेळ आहे, ती शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी काढून घेऊ नका. सुट्टीत देखरेख हवी, हेही त्यांनीच सांगितलंय.

पुढच्या पालकसभेत एवढं विचारा: सुट्टीत पटांगणावर किती शिक्षक असतात? घसरगुंडीखाली काय आहे? आणि एकट्या पडलेल्या मुलाकडे कोण जातं?