आपल्या अभिप्रायाला उत्तर: खेळासाठीचा नंबरचा गॉगल

नमस्कार. आपला सविस्तर अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. सकाळची सायकल आणि दुपारचे क्रिकेट या दोन्हींसाठी आमच्याकडून करून घेतलेल्या नंबरच्या गॉगलबद्दल आपण चार तक्रारी मांडल्या आहेत: दुसऱ्या दुकानात मशीनवर तपासल्यावर काचेचा नंबर डॉक्टरांच्या कागदाशी जुळला नाही, काळी काच मागितली असता त्याहून फिकी, तपकिरी काच दिली, पोलराइज्ड काच हवी असताना ती घेऊ नका असे सांगितले, आणि संध्याकाळसाठी वेगळी काच सुचवून खर्च वाढवण्याचा प्रयत्न केला. आपला नंबर ही आपली खासगी बाब असल्याने तो येथे लिहीत नाही. बाकी प्रत्येक मुद्द्याचे उत्तर मात्र उघडपणे देतो, कारण खेळासाठी गॉगल करणाऱ्या बहुतेकांना हेच प्रश्न पडतात.

सर्वांत गंभीर मुद्दा नंबरचा आहे. आपण निवडलेली फ्रेम कानशिलांकडे वळत जाणारी, म्हणजे रॅपअराउंड आहे. वारा, धूळ आणि बाजूचे ऊन अडवण्यासाठी ती उत्तम असते, पण तिच्यात काच डोळ्यासमोर सरळ उभी न राहता तिरकी बसते, आणि काच तिरकी झाली की डोळ्याला मिळणारा नंबर बदलतो. समजा, एखाद्याचा नंबर नुसता मायनस ४ आहे, सिलिंडर (एकाच दिशेतला धूसरपणा घालवणारा नंबर) अजिबात नाही, आणि फ्रेममुळे काच २० अंशांनी वळलेली आहे. कागदावरचा नंबर जसाच्या तसा बसवला, तर त्याच्या डोळ्याला सुमारे मायनस ४.१५ इतका नंबर आणि वर अर्ध्याहून किंचित जास्त, नको असलेला सिलिंडर नंबर मिळेल. अक्षरांच्या कडा एका दिशेने ओढल्यासारख्या दिसतील आणि थोड्या वेळाने डोके जड होईल. हे टाळण्यासाठी काच बनवणारी लॅब फ्रेमचे वळण, काचेचा झुकाव आणि डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर विचारात घेऊन नंबरात आधीच तेवढी दुरुस्ती करते. नंबर मोजण्याच्या मशीनवर काच सरळ धरली जाते, चेहऱ्यावर असते तशी तिरकी नाही, त्यामुळे तिथला आकडा कागदाशी जुळत नाही आणि जुळूही नये. गॉगलसोबत दिलेल्या कार्डावर दोन ओळी आहेत: वरच्या ओळीत डॉक्टरांचा नंबर आहे आणि खालच्या ओळीत मशीनवर यायला हवा तो. दुसऱ्या दुकानातील तपासणी चुकीची होती असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यासमोर खालची ओळ नव्हती, एवढेच.

काच जितकी काळी तितके डोळ्यांचे रक्षण अधिक, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. अतिनील किरण अडवण्याचा गुण रंगात नसतो, तो काचेच्या द्रव्यात किंवा तिच्यावरील लेपात असतो. आपली काच पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकची आहे आणि ते द्रव्य पूर्ण पारदर्शक असतानाही हे किरण अडवते. उलट, संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला अधिक वाट मिळते. गडदपणाचे ० ते ४ असे पाच वर्ग आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकात ठरलेले आहेत. आपली काच वर्ग ३ ची आहे, म्हणजे तिच्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, आणि भर उन्हातील मैदानासाठी तो पुरेसा गडद वर्ग आहे. आपण मागितलेला वर्ग ४ केवळ ३ ते ८ टक्के प्रकाश सोडतो. तो हिमाच्छादित उंच पर्वतांसारख्या ठिकाणांसाठी असतो आणि तो लावून वाहन चालवू नये असे मानकच सांगते. जी व्यक्ती सायकलवर रहदारीतून जाते, तिला ती काच आम्ही देणार नाही.

तपकिरी रंगही विचारपूर्वक सुचवला होता. करडी काच सगळे रंग सारखेच मंद करते, त्यामुळे रंग खरे दिसतात, पण उठावदारपणा वाढत नाही. तपकिरी काच निळा प्रकाश अधिक कापते. त्यामुळे आकाश गडद होऊन वर उडालेला पांढरा चेंडू वेगळा दिसतो, हिरवळीवरचा लाल चेंडूही उठून येतो, आणि सायकलवरून रस्त्यातील खड्ड्याची कड लवकर ध्यानात येते.

पोलराइज्ड काचेला आमचा सरसकट विरोध नाही. मासेमारी, नौकानयन, वल्हवणे अशा पाण्यावरच्या खेळांसाठी आम्ही तीच सुचवतो, कारण आडव्या पृष्ठभागावरून परतणारा लखलखाट ती कापते. परंतु सायकलच्या हँडलवरील छोटा स्क्रीन तिच्यातून विशिष्ट कोनात काळा पडू शकतो, आणि रस्त्यावरचे ओले किंवा तेलकट डाग चमकूनच आपल्याला सावध करतात. ती चमक गेली की सावध होण्याची संधीही जाते.

संध्याकाळच्या काचेविषयी थोडक्यात. उजेड उतरला की वर्ग ३ ची काच चेंडू गिळते, तेव्हा नंबरची साधी पारदर्शक काचच हवी. उन्हात आपोआप गडद होणारी फोटोक्रोमिक काच हा दोन्हींवरचा उपाय वाटतो, पण कडक उष्णतेत ती पूर्ण गडद होत नाही आणि पुन्हा फिकी व्हायला काही मिनिटे घेते. झाडांच्या सावलीतून सायकल तर क्षणात बाहेर येते, तोवर काच फिकी झालेलीच नसते. आपला जुना चष्मा त्याच नंबरचा आणि मजबूत प्लास्टिक काचेचा असेल, तर संध्याकाळच्या सायकलसाठी तो चालेल आणि नवीन काही घेण्याची गरज नाही.

एक विनंती आहे. गॉगल, ते कार्ड आणि आपले हेल्मेट घेऊन या. हेल्मेटच्या पट्ट्याने काडी दाबली गेली तर फ्रेमचा झुकाव बदलतो आणि लॅबने केलेली दुरुस्ती लागू पडत नाही, म्हणून हेल्मेट घातलेल्या स्थितीत आणि सायकलवर वाकून बसल्यासारख्या अवस्थेत आम्ही फ्रेम पुन्हा जुळवून देऊ. मशीनवरचे मोजमाप आपल्यासमोरच करू. ते खालच्या ओळीशी मान्य मर्यादेत जुळले नाही, तर काचा आमच्या खर्चाने नव्याने बनवून देऊ.