लोणच्याच्या डबीतलं जेवण

माझं दुपारचं जेवण आता लोणच्याच्या डबीत मावतं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की ती डबी भरायला अख्खा रविवार लागतो.

वजन कमी करण्यासाठीच्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी ठेवतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे पोटाची आरडाओरडही थांबते. पण ऑपरेशन फक्त माझं झालं. आईच्या हाताचं आणि ऑफिसातल्या डबेमंडळींचं राहूनच गेलं.

आहारतज्ज्ञ बाईंचा नियम साधा आहे : आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पोळी. जागा उरत नाही. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, असं त्यांनी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग वरण आहे की!" आहे ना. पण आमच्या घरच्या वाटीभर पातळ वरणात डाळ थोडी आणि पाणीच फार. सहा-सात ग्रॅम प्रोटीन निघालं तरी नशीब. म्हणजे नुसत्या वरणावर भागवायचं तर नऊ-दहा वाट्या, आणि माझी धाव अर्ध्या वाटीची! शेवटी 100 ग्रॅमला साधारण 18 ग्रॅम देणाऱ्या पनीरला आणि नगाला सहा देणाऱ्या अंड्याला शरण गेलो.

म्हणून रविवारी आठवड्याची बेगमी. मुगाचं घट्ट वरण, पनीरची मऊ बुर्जी, फडक्यात टांगलेला चक्का. वरण गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायचं, गोठलं की खडे पिशवीत भरायचे. सकाळी चार खडे डबीत टाकले की डोंबिवलीहून निघालेली लोकल आणि मे महिना मिळून ते वितळवण्याचं काम करतात. उरलंसुरलं ऑफिसातला मायक्रोवेव्ह बघतो. अंड्याची बुर्जी मात्र गोठवू नये, ती पाणी सोडते आणि चिवट होते. ती ज्या त्या सकाळी.

आईच्या लेखी हे सगळं शिळं. मटार वर्षभर फ्रीझरमध्ये राहिले तर ती साठवण, वरण चार दिवस राहिलं तर ते शिळं! त्यात मेव्हणा आला भर उन्हात. पन्ह्यात बर्फ हवा म्हणून स्वतःच फ्रीझर उघडला, ट्रेमधले दोन पिवळे खडे आंब्याचे समजून ग्लासात टाकले आणि दोन घोटांनी म्हणाला, "दाजी, पन्ह्याला हिंग-जिऱ्याची फोडणी दिलीय का?" तेव्हापासून ट्रेवर चिकटपट्टी आहे. तीवर बायकोनं लिहिलंय : 'ह्यांचं'.

पिठल्याची गोष्ट वेगळी. मऊ, प्रोटीनवालं, घशाखाली सहज उतरणारं, शिवाय पाच मिनिटांत होणारं. फक्त दुपारपर्यंत ते पिठलं राहत नाही. डबी उपडी केली तरी जागचं हलत नाही, चमचा खुपसला तर चमचाच उभा राहतो. त्यावर दोन चमचे ताक घालायचं, अर्धा मिनिट गरम करायचं आणि चमच्याच्या पाठीनं कडेकडेनं दाबत गुठळ्या मोडायच्या. कडेचं पातळ होतं, मधला गोळा तसाच. मग तो फोडायचा. तोवर इतरांच्या दोन पोळ्या संपलेल्या असतात.

माझी गंमत पुढेच असते. प्रत्येक घास चावून चावून पातळ करायचा, दोन घासांत थांबायचं, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. घाई केली की घास छातीत अडकून बसतो आणि मग मीटिंगमध्ये चेहऱ्यावर जे भाव उमटतात त्यांचा वरिष्ठ भलताच अर्थ काढतात. परिणामी, खोलीतला सगळ्यात लहान डबा माझा आणि सगळ्यात शेवटी संपणाराही माझाच. त्यात शेजारी आग्रहाला बसलेले. "एवढंसंच? अहो, एक पुरी घ्या. पुरीनं काय होतंय?" पुरीनं काय होतं हे या लोकांना एकदा दाखवावं असं फार वाटतं, पण पुन्हा तेच, वरिष्ठ.

गोळ्यांचं तर वेगळंच पंचांग आहे. कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही, म्हणून दोघांत दोन तासांचं अंतर. माझ्या फोनचा गजर मीटिंगमध्ये वाजला की आता कोण आत जाणार यावर पैजा लागतात.

आईनं मात्र तोडगा काढलाय. चार चमचे पिठलं करणं तिला जमत नाही, कढईचा अपमान होतो. ती पूर्वीइतकंच करते, माझी डबी भरते आणि उरलेलं जुन्या चार पुडांच्या डब्यात घालून सोबत देते. "तुझ्या मित्रांना दे रे, बिचारे कँटीनचं खातात." ओझं हलकं करायला ऑपरेशन करून घेतलं, तर खांद्यावरची पिशवी दुप्पट झाली. मंडळी खूश आहेत. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा, शनिवारी थालीपीठ. अकाउंट्समधल्या आमच्या एका मित्रानं परवा पट्टा एक भोक सैल केला, ताटातलं शेवटचं पिठलं बोटानं पुसून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या त्या सर्जनचा नंबर आहे का हो?"