घे, तुझी पुरवणी

आज शनिवार. सकाळी वाल सोलायला बसले आणि खाली अंथरायला पेपरातली बायकांची पुरवणी घेतली. तेवढ्याच कामाची आहे ती. पण नजर गेलीच. 'मैत्रिणींनो, त्याच्यापेक्षा तुमचा पगार जास्त आहे? मग एवढं कराच!'

मैत्रीण? कधी भेटलो गं आपण?

आणि 'एवढं' म्हणजे काय, तर आकडा चारचौघांत बोलायचा नाही. टीव्ही, फ्रिज असली मोठी खरेदी 'त्याला ठरवू द्या'. पगारवाढ झाली तर लगेच सांगायचं नाही, त्याचा मूड बघून, चहाबरोबर. आणि रविवारी आठवणीने त्याच्या आवडीचं काहीतरी करायचं, म्हणजे त्याला घरातलं 'आपलं स्थान' जाणवत राहतं. चहाबरोबर! पगारवाढ आहे की मोतीबिंदूचं निदान? शेजारी फोटो. बाईच्या एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात लाटणं, गालावर पीठ. मी गेली सोळा वर्षं नेरुळहून ठाणे लोकल पकडते, लेडीज डब्यात पीठ लागलेला एक गाल अजून पाहिलेला नाही.

घरातल्या तिघांचे रिटर्न मी भरते. सासऱ्यांच्या ठेवींचं व्याज, त्यावरची ज्येष्ठांची ८०टीटीबी करसवलत, सगळं मीच बघते. पण इंडेक्स फंड आणि गृहकर्जाचे दर मुख्य अंकात, आणि माझ्या वाट्याला 'घरखर्चातून चार पैसे कसे वाचवाल'. सासरे तर पेपर आला की आधी पुरवणी बाजूला काढतात आणि ओट्यावर आणून ठेवतात. "घे, तुझी." मग उरलेला अख्खा पेपर कोणाचा, बाबा?

२ नोव्हेंबर २०२५. डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्यापासून चालत जाण्याइतकं. मध्यरात्री शेवटची विकेट पडली तेव्हा टीव्हीच्या आधी खिडकीतून आरडाओरडा ऐकू आला. दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि वर पाच विकेट. आपल्या पोरींनी क्रिकेटचा विश्वचषक आमच्या नेरुळात जिंकला हो! पुढच्या पुरवणीत काय? 'मैदानावरही त्वचा तजेलदार कशी ठेवाल.' काकडीचे काप.

आणि ती 'तारेवरची कसरत'! बाई कलेक्टर असो, सर्जन असो, दुसऱ्या परिच्छेदात तारेवर चढवतातच. सोलापूरहून वंदे भारत सीएसएमटीला चालवत आणणाऱ्या सुरेखा यादवांना समोर बसवलं, तरी यांचा पहिला प्रश्न 'घर कसं सांभाळलंत?' हाच असणार. अहो, त्यांची तार गाडीच्या वर असायची, त्यांना गाडीबद्दल विचारा की! पुरुषाच्या मुलाखतीत कधी वाचलंय, 'डबा कोण भरतं?' सरकारसुद्धा सुधारलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव आलं. पुरवणीत अजून पाककृतीखाली 'सौ.'

बरं, मी तरी कुठे धुतल्या तांदळाची? नवरात्रात याच पेपरातले नऊ रंग बघून राखाडीच्या दिवशी शेजारणीकडून ओढणी मागून नेली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ऑफिसातल्या फोटोत मी पहिल्या रांगेत, बत्तीशी दाखवत. आणि ओट्याखालच्या खणात याच पुरवणीतून कापलेली तोंडलीभाताची पाककृती आहे, तेलाने पार पारदर्शक झालेली. तीही सौ. कुणाचीतरीच. भात फार सुरेख होतो, काय करू.

एवढी बडबड ऐकून नवरा उठून आला. खांद्यावरून वाकून अख्खा लेख वाचला. दुखावलाबिखावला काही नाही. म्हणाला, "फ्रिज मी ठरवायचा? मला नको बाई ती जबाबदारी." मग जरा थांबून, "पण ते रविवारचं कलम तेवढं बरं आहे."

आणि मांडीवर परातभर वाल. परवा रात्री कोमट पाण्यात भिजत घातले ते मीच. त्याला बिरडं आवडतं म्हणून.

त्या लेखावर सालं टाकली सगळी. बाईचा पीठवाला गाल आधी झाकला. बिरडं आज शनिवारीच करून टाकलं. उद्या केलं असतं तर सल्ला ऐकल्यासारखं दिसलं असतं.