बाटल्या कापणारा जावई

काल रात्री सासूबाईंचा फोन आला. ‘सगळं बरं आहे ना हो?’ त्यांनी अशा आवाजात विचारलं की मीच दचकलो. वर, ‘काही वाटलं तर मोकळेपणी बोला.’ खुलासा बायकोने केला. जावई इंदूरच्या सियागंज बाजारात बाटल्या हुडकत हिंडतोय, अशी बातमी रामबागेत, म्हणजे सासुरवाडीला, पोचली होती.

बाटल्या नव्हे, बेअरिंग हुडकत होतो! सरबताच्या रिकाम्या बाटल्या कापून पेले करायचे, एवढाच बेत. तयार यंत्र महाग. म्हणून फळीवर चार बेअरिंग बसवायचे, त्यावर बाटली आडवी ठेवून फिरवायची आणि एका जागी पक्क्या केलेल्या कटरने तिच्याभोवती रेघ ओढायची. बेअरिंग ६०८ नंबरचे, आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२. दुकानदाराने निमूट काढून दिले. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती स्टुलावरच्या काकांबद्दल. नळाचा वायसर घ्यायला आले होते. वायसर कधीच मिळाला होता, चहाही झाला होता.

‘काचेचा कटर कशाला?’

‘बाटली कापायचीय.’

‘कापायची?’ ते दुकानदाराकडे वळले. ‘भिया, ये बॉटल काट रिये हैं.’ मग मला, ‘मराठी का तुम्ही? तरीच.’

तरीच काय, ते काही सांगितलं नाही.

‘घर कुठे पडतं?’

‘सुदामानगर.’

‘मूळचे?’

‘इंदूरचेच.’

‘इंदूरचे तर आम्ही पण. त्याच्या आधीचे?’

होळकरांबरोबर कोण आलं आणि मागाहून नोकरीसाठी कोण आलं, हा हिशेब इथल्या मराठी माणसाचा अजून मिटलेला नाही. माझं घराणं काही त्यांच्या वहीत सापडेना, तेव्हा ते सासुरवाडीवर घसरले. ‘रामबाग? कुणाकडे?’ मी सांगितलं. तिथेच चुकलं माझं आणि माझ्या नशिबाचं.

‘अरे! म्हणजे आमच्या वहिनींच्या मावसबहिणीचे जावई तुम्ही!’ आणि आवाज खाली आणून, ‘कधीपासून आहे हे?’

‘काय?’

‘बाटल्यांचं.’

दुकानदार खिळे मोजण्यात एकदम गर्क झाला. काकांनी तोडगाही दिला. सुतळी घासलेटात भिजवा, बाटलीला गुंडाळा, पेटवा, गार पाण्यात टाका. कटर-बिटर कशाला? मी समजावलं, की सुतळीने रुंद पट्टा तापतो आणि तडा वाटेल तिकडे धावतो. कटरचं चाक काच कापत नाही, नुसता बारीक ओरखडा काढतं. तोही एकदाच, त्याच रेघेवर पुन्हा फिरवायचं नाही. मग रेघेवर उकळतं पाणी, लगेच गार. साधी काच अंशाला दहा लाखांत नऊ भाग प्रसरते, तेवढ्या ताणाने तडा रेघेवरून चालतो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच प्रसरते, म्हणून ती दाद देत नाही.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. ‘पण पेला चाळीस रुपयांत मिळतो ना?’

मिळतो. हेच झोंबलं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं आमचं शहर; कचऱ्याचे सहा प्रकार इथे पोरासोरांना पाठ. पण बाटली कचऱ्यात जाऊच द्यायची नाही म्हणणाऱ्या माणसाचं मात्र घरी कळवावं लागतं. अटालेवाल्याची, म्हणजे भंगारवाल्याची, आणखी वेगळी तऱ्हा. मी विकायला गेलो की काचेला भाव नसतो, मी घ्यायला गेलो की तीच बाटली ‘फॉरेनची’ होते.

असो. यंत्र झालं आणि उत्तम चालतं. फक्त कापलेली कड ब्लेडसारखी असते. ती वॉटर पेपरने घासायची, १२० पासून ४०० नंबरपर्यंत, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, आणि ओली ठेवूनच, कारण काचेची पूड छातीत जाते. आज सकाळी गच्चीत घासत बसलो होतो, तर खाली स्कूटर थांबली. काकांचा नातू. पत्ता सासूबाईंनी दिलेला. हातातली पिशवी वाजत होती. त्यात व्हिनेगरच्या बाटल्या होत्या, गुलाबपाण्याच्या होत्या, आणि तळाशी काही अशा होत्या की ज्यांची लेबलं काकांनी खरवडून काढली होती.

सोबत चिठ्ठी. ‘सगळे एका उंचीचे करा. कडा नीट घासा, घरात लहान मूल आहे. घाई नाही, रविवारपर्यंत चालेल.’

वॉटर पेपरच्या पैशांचं चिठ्ठीत काही नव्हतं.