हप्ते वॉरंटीच्या आत संपवा

दसरा-दिवाळी आली की ठाण्याचा गोखले रोड असो की वाशीचं सेक्टर १७, मोबाइलच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याला किती जमेल?" तिथेच आपण फसतो. परदेशासारखे सिमसकट दोन वर्षांचे करार आपल्याकडे फारसे रुजले नाहीत. आपला करार म्हणजे हप्त्यांची मुदत, आणि ती आपण हप्त्याचा आकडा बघून ठरवतो.

६०,००० चा फोन घ्या. 'नो कॉस्ट ईएमआय'वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या मासिक हप्त्यांवर, १२ महिने, ५,००० चा हप्ता. क्रेडिट कार्डाचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरला, तर बिलातून आधी साधारण ४,६०० ची सूट वजा होते. बँक उरलेल्या ५५,४०० वर तेवढंच व्याज लावते. इथवर फिट्टंफाट. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी, म्हणजे ८३० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी वेगळी. पहिल्या स्टेटमेंटला ५,००० च्या खाली जीएसटीचे १२५ दिसतात, शेवटच्याला ११. व्याज आधी जास्त, नंतर कमी, म्हणून. ६ महिन्यांत हाच जीएसटी ४६० च्या आत बसतो.

२४ महिन्यांना बहुतेक वेळा 'नो कॉस्ट' नसतंच. त्याच दराने हप्ता २,९०९, ऐकायला गोड. जीएसटी धरून एकूण भरणा मात्र ७१,५०० च्या वर! त्यात हँडसेटची वॉरंटी साधारण एकच वर्षाची आणि पाण्याने झालेलं नुकसान तिच्यात बहुधा धरतच नाहीत, डब्यावर आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन, छापलेलं असलं तरी. जुलैत स्टेशनच्या पुलावर भिजलेला फोन बंद पडला, तरी हप्ते चालूच. म्हणून माझं स्पष्ट मत: ६ किंवा ९ महिने, फार तर १२. त्यात बसत नसेल तर फोन खालचा घ्या, मुदत वाढवू नका.

आणखी एक. एकरकमी कार्ड स्वाइप केलं तर किती सूट, हे वेगळं विचारा. ती ३,००० असेल आणि 'नो कॉस्ट'वर मिळत नसेल, तर तो 'नो कॉस्ट' तुम्हाला ३,००० अधिक जीएसटीला पडला.

कार्डाची मर्यादाही अडकते. लाखाच्या कार्डावर ६० हजारांचा फोन घेतला की उरतात चाळीस, आणि हप्ते फिटतील तशी जागा सुटते. बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज आहेच, किमान रक्कमही चुकली तर लेट फी, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. हे फार जणांना माहीत नसतं.

ऑनलाइन घेतलेला फोन परत केलात तर रिफंड कार्डावर येतो, पण ईएमआय आपोआप बंद होईलच असं नाही. बँकेला कळवून तो रद्द करून घ्या. मध्येच सगळं फेडायचं तर फोरक्लोजर चार्ज आणि त्यावर जीएसटी.

कार्ड नसेल आणि फायनान्स कंपनीकडून घेत असाल, तर अटी वाचण्याआधी सही नको. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना केएफएस, म्हणजे मुख्य अटींचा कागद, देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर लिहिलेला असतो, फीसकट खरा वार्षिक दर. कार्डाच्या थकबाकीला हा नियम नाही. आणि हप्त्याची तारीख पगारानंतरची घ्या. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असेल तर बाउन्सचा दंड दोन्हीकडून बसतो, फायनान्सवाल्याचा वेगळा, आपल्या बँकेचा वेगळा.