तासभर पाठांतर कशाला?

घरी शिकणाऱ्या मुलांकडून रोज तासभर स्तोत्रं घोकून घ्यावीत, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला १५ मिनिटं पुरे. मनाचे श्लोक घ्या. २०५ आहेत, आठवड्याला दोन केले तरी दोन वर्षं निघतात. वृत्त भुजंगप्रयात: ओळीत १२ अक्षरं, लघु-गुरु-गुरु (आखूड-लांब-लांब) असं चारदा. आधी ओळीला चार टाळ्या देत नुसतं म्हणायचं, चाल नंतर. मुलं लघु अक्षर ओढतात आणि टाळी चुकते. तिथेच थांबवा, पुढे ती सवय मोडत नाही.

दुसरी गडबड पट्टीची, म्हणजे ‘सा’ किती उंच धरायचा त्याची. बाबांच्या पांढरी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या सुरावर ‘सा’ धरून) मूल खालचे सूर गिळतं आणि आपण त्याला बेसूर ठरवतो! काळी चार किंवा पाच, म्हणजे वरची पट्टी, लावून बघा. पेटीवर प्रत्येक सूर वाजवून देऊ नका, मूल तिच्यावरच रेलतं. नुसता तानपुरा ठेवा.

अर्थ विचारताना ‘सज्जन म्हणजे काय’ नको, ‘सकाळच्या भांडणात काय करता आलं असतं’ असं विचारा. आणि शिक्षा म्हणून श्लोक कधीच म्हणायला लावू नका, मुलाला गाणंही नकोसं होतं आणि देवही.