तिथे कोणीच राहत नाही म्हणे

सकाळी चहा घेताना एका टूरवाल्यांची रील समोर आली आणि डोकं जे सटकलंय ते अजून ठिकाणावर नाहीये. नॉर्दर्न लाइट्स, पाच रात्री सहा दिवस, मागे ढँणढँण म्युझिक आणि लाल जॅकेटमधला एक मुलगा सांगतोय, "चला अशा जागी जिथे माणूसच पोचलेला नाही." त्याच्या मागे, त्याच फ्रेममध्ये, चक्क एक घर आहे हो! चिमणीतून धूर येतोय. आणि खाली आपल्याच लोकांच्या कमेंट्स, बकेट लिस्ट बकेट लिस्ट बकेट लिस्ट.

मी राहिलेय तशा ठिकाणी. इनुविक, कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, आर्क्टिक सर्कलच्याही वर साधारण २०० किमी. २०१३ ते २०१६, नवऱ्याच्या नोकरीमुळे. ३००० च्या आसपास वस्ती. शाळा आहे, हॉस्पिटल आहे, इग्लूच्या आकाराचं चर्च आहे, आणि एक छोटीशी मशीद आहे जी विनिपेगला बांधली आणि २०१० मध्ये ट्रकवर नि मग बार्जवर घालून ४००० किमी वर नेली, कारण तिथल्या मुसलमान लोकांना नमाजाला नीट जागा नव्हती. एवढा खटाटोप कोणी केला मग, अस्वलांनी?

आमच्या शेजारी जिजू राहायची. जिजू हे नाव नाही, तिथल्या मूळच्या लोकांच्या ग्विचिन भाषेत आजीला जिजू म्हणतात, आणि आमच्या घरी मालवणला थोरल्या काकूला सगळे जिजी म्हणायचे, त्यामुळे मला ते एका दिवसात तोंडात बसलं. ऑक्टोबरात, आम्हाला येऊन दोन महिने झाले असतील, ही बाई दारात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सुका मासा. मॅकेन्झी नदीच्या डेल्टातला व्हाईटफिश, उभा चिरून, आडव्या चिरा पाडून, नदीकाठच्या कॅम्पवर दांडीवर टांगून धुरावर सुकवलेला. उलू नावाची तिकडची अर्धगोल सुरी असते, तिने इतका सफाईने चिरतात की आमच्या आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसणाऱ्या बायकांनी पण मान डोलवावी.

आणि मी काय केलं? मी, मालवणची, जिचं लहानपण खाऱ्या बांगड्याच्या वासात गेलं, ती मी थँक्यू म्हटलं आणि ती पिशवी बाहेरच्या पोर्चमध्ये खुंटीला टांगली. नवरा पुण्याचा, त्याला वास नको म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच वाटलं की घराला वास लागला तर ऑफिसचे लोक काय म्हणतील. आठवड्याने जिजू परत आली, म्हणाली, खाल्लंस? मी म्हटलं हो, मस्त होता. पिशवी तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर लटकत होती. तिने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, अजून हवा असेल तर सांग.

आज दहा-बारा वर्षांनी पण हे टाइप करताना कानशिलं गरम होतायत.

मग नदी गोठायला लागली. डेम्प्स्टर हायवे म्हणजे साधारण ७४० किमी खडीचा रस्ता, त्यात दोन नद्यांवर पूल नाहीत, उन्हाळ्यात फेरी आणि थंडीत बर्फावरून गाड्या. मधले काही आठवडे फेरी बंद आणि बर्फ अजून कच्चा, म्हणजे रस्ताच नाही. जे येईल ते विमानाने, आणि मग भाव बघून कोथिंबीर वगैरे विसरायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य गेला तो महिनाभर उगवलाच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड यायचा, बास. त्यातल्याच एका संध्याकाळी, आईशी फोनवर भांडून झाल्यावर, मी ती पिशवी आत आणली आणि एक तुकडा तव्यावर टाकला. नवरा काही बोलला नाही, फक्त बेडरूमचं दार लावून घेतलं. मी उभ्याउभ्या पेजेबरोबर खाल्ला आणि रडले.

माणूस पोचलेला नाही म्हणे!

बरं, टुरिझममुळे तिथे पैसा येतो, मान्य. आणि मी तरी कुठे राहिले, तीन वर्षांत काढता पाय घेतलाच की. हेही मान्य. पण तुम्ही जेव्हा रिकामी जागा, रिकामी जागा करता ना, तेव्हा फार वाईट खोटं बोलता. जिजूला लहानपणी घरातून उचलून होस्टेलवर ठेवलं होतं, तिची भाषा बोलली की मार. हे आपोआप नाही झालं, सरकारने केलं, २००८ मध्ये पार्लमेंटमध्ये माफी मागितली. जागा रिकामी नव्हती, रिकामी करायला बघत होते. आणि आमच्या तारकर्लीला येऊन स्कूबा करणारे पण हेच की, किती शांत, किती अनटच्ड, आणि मग सुकत घातलेल्या म्हावऱ्याजवळून जाताना नाकाला रुमाल. अरे ते कोणाचं तरी अंगण आहे!

सॉरी. जरा जास्तच झालं.

२०१९ ला परत गेलो होतो, आता टुकपर्यंत, म्हणजे टुकटोयाकटुक या वरच्या समुद्रकाठच्या गावापर्यंत, बारमाही रस्ता झालाय, २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आमच्या वेळी थंडीत गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून गाडी जायची, खाली हिरवट काळा बर्फ दिसायचा आणि मी पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत बसायचे. टुकला समुद्र किनारा खात सुटलाय, अगदी आमच्या देवबागसारखा. जिजूसाठी मी खारा बांगडा नेला होता, पाच पिशव्यांत गुंडाळून. तिने भाजायची वाट पण नाही बघितली, तसाच तुकडा तोडून चघळला. त्यांच्या माशाला मीठ जवळजवळ नसतंच, नुसता धूर. तिचं तोंड जे वाकडं झालं! म्हणाली, तुम्ही मासा खाता की समुद्र? मग पाणी प्यायली आणि उरलेली पिशवी घेऊन उठली, पोर्चमध्ये गेली, खुंटीला टांगली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, मस्त होता.

सहा वर्षं लक्षात ठेवलं होतं म्हातारीने.

दोन वर्षांनी ती गेली. मुलगी अजून कॅम्पवर जाते, गेल्या उन्हाळ्यात तिने फोटो पाठवला होता, दांडीवर ओळीने मासे आणि मागे दोन पोरं चिखलात. तो मी त्या रीलखाली टाकलाय. टूरवाल्यांचं उत्तर आलं, "वॉव ताई, लोकेशन प्लीज?"

नाही देणार. बांगडा भाजायला टाकलाय, खिडक्या उघड्या आहेत, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येईलच आता.